टर्कीला घाबरणारा माणूस

१

ज्यू घरातल्या सुतकाच्या सातव्या दिवशी सकाळी ब्लूमाआत्यानं आरशांवरच्या चादरी काढायला घेतल्या. आधी न्हाणीघरातला आरसा, मग बेडरूममधला, मग दिवाणखान्यातला. ती एकेक चादर झटकत होती, घडी घालत होती, आणि प्रत्येक घडीबरोबर गेलेल्या भावाबद्दलचं एकेक गाऱ्हाणं सांगत होती. लिओनं तिला साठ वर्षांत एकदाही धड वाढदिवसाचं कार्ड पाठवलं नव्हतं. लिओ पोटासाठी कार्डंच काढायचा, तरीही. शेवटची चादर बोळात होती. तिथे ती गेली आणि गाऱ्हाणं अर्ध्यावर थांबलं.

"फिलिस! इकडे ये. आधी खाली बस, मग ये."

"बसून कशी येऊ, आत्या?"

लिओची मुलगी फिलिस स्वयंपाकघरातून हात पुसत आली. बोळाच्या भिंतीवर फ्रेम जागच्या जागी होती, काचही होती. काचेमागे नुसता काळा पुठ्ठा होता. चित्र गेलं होतं.

ब्रुकलिनच्या या घरात ते चित्र चाळीस वर्षं त्या खिळ्यावर होतं. 'अंगावर काटा' या मासिकाच्या शेवटच्या अंकाचं ते मुखपृष्ठ, लिओ झकरनं स्वतःच्या हातानं काढलेलं, मूळ पुठ्ठ्यावरचं. जेवणाच्या टेबलावरून एक सुटाबुटातला माणूस उठतोय, खुर्ची मागे कलंडलीय, दोन्ही हात वर, डोळे बाहेर आलेले, तोंडात मूठ जाईल एवढा आ. समोर त्याची बायको, एप्रन बांधलेली, गोड हसत ताटावरचं झाकण उचलतेय. आणि ताटात एक छान भाजलेली, गुबगुबीत टर्की.

मुळात तिथे टर्की नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. ते वर्षच तसं होतं. भुताखेतांच्या कॉमिकांनी पोरं बिघडतात म्हणून शाळांच्या पटांगणात ढिगारे पेटले होते, सभा झाल्या होत्या, आणि शेवटी प्रकाशकांनीच एक तपासणी कचेरी काढली होती. तिचा शिक्का मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात नसेल तर दुकानदार अंकाचा गठ्ठाच सोडत नसत. लिओचं चित्र त्या कचेरीतून परत आलं ते एक चिठ्ठी लावून: ताटातली वस्तू बदला. मग तिच्यावर टर्की चिकटवली गेली. अंक निघाला, कुणी घाबरलं नाही, मासिक बंद पडलं, आणि लिओ झकर उरलेला जन्मभर शुभेच्छापत्रांवर ससे काढत बसला.

टर्कीखाली काय आहे, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही.

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, घरोघरी टर्की भाजतात तेव्हा, फिलिसची आई त्याला हात धरून त्या चित्रासमोर उभं करायची आणि विचारायची, "लिओ, हा माणूस टर्कीला एवढा का घाबरलाय?" तो दर वर्षी नवं उत्तर द्यायचा. "सासूनं शिजवलीय." "हप्त्यावर घेतलीय." नऊ वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हाही सांत्वनाला आलेली माणसं न्हाणीघराकडे जाता जाता या चित्रापाशी थांबायची आणि तोंडाला रुमाल लावून हसायची. चित्र तसं पांढरंशुभ्रच होतं. नुसत्या काळ्या रेघा. मागच्या मोठ्या खिडकीतसुद्धा वडिलांनी काळं भरलं नव्हतं, फिकट निळ्या पेन्सिलीनं फक्त 'रात्र' असं लिहून ठेवलं होतं. कॅमेऱ्याला तो निळा दिसत नाही. छापताना रंगवाले तिथे काळी रात्र भरायचे. "रात्र माझी नाही," वडील म्हणायचे, "रात्र छापखान्याची."

"मी कुणाचं नाव घेत नाही," आत्या आता म्हणाली, आणि स्वयंपाकघराकडे बघितलं. तिथे लिओच्या देखभालीला ठेवलेली ऑलिव्ह कप धूत होती. "पण घरात आपण दोघी, आणि तिसरं कोण?"

"आत्या."

"मी नाव घेतलं का? तरी बरं, आल्या दिवशीच मी इथला दिवा बदलून घेतला. नाहीतर ह्या अंधारात अजूनही कळलं नसतं."

फिलिस फ्रेमकडे बघत राहिली. ती विमा कंपनीत तपासनीस होती. जळालेल्या दुकानांचे आणि चोरीला गेलेल्या फरकोटांचे दावे खरे की खोटे, हे ठरवण्यात तिची वीस वर्षं गेली होती. रडणारी माणसं कशी बघायची हे तिला ठाऊक होतं. स्वतः रडायचं मात्र या सात दिवसांत तिला जमलं नव्हतं.

ती विचार करत उभी होती तेवढ्यात दिवाणखान्यातून आत्याचा आवाज आला. आत्या फोनवर होती. "हो, तुमच्याकडचीच. ऑलिव्ह बॅप्टिस्ट. बी फॉर ब्लूमा."

२

ऑलिव्ह ग्रेनाडा बेटावरची. दोन वर्षं ती लिओजवळ होती. त्याला आंघोळ घालायची, औषधं द्यायची, आणि त्याची भुतांची चित्रं बघून तोंडावर सांगायची, "मिस्टर लिओ, आमच्याकडची भुतं याहून बरी दिसतात." त्यावर लिओ खूश व्हायचा.

ती स्टुलावर ताठ बसली होती, हातातलं फडकं न सोडता.

"एजन्सीचा फोन आला मला. सोमवारपासून नवीन पेशंट होता, तो थांबवलाय. उद्या सकाळी ऑफिसात बोलावलंय."

"मी सांगते त्यांना."

"काय सांगाल, मिस फिलिस? चित्र मिळालं नाही, पण बाई चांगली आहे? एकदा चोरीचं नाव लागलं की या शहरात मला कुणी आजाऱ्याच्या उशाशी बसू देणार नाही. कोरी भिंतसुद्धा राखायला देणार नाहीत."

फिलिसनं दुसरं स्टूल ओढलं. तिला जमायचं ते तिनं केलं. प्रश्न विचारले.

"चित्र तू शेवटचं कधी पाहिलंस?"

ऑलिव्हनं फडक्याची घडी घातली. "तेच आठवत नाही. बोळातला दिवा गेला होता, तीनेक आठवडे झाले असतील. मी नवा आणला तर म्हणाले, राहू दे, भुतांना अंधारच बरा. अंधारात कोण बघतंय? मी धुण्याची टोपली घेऊन जायची, भिंतीला हात लावत."

"घरी कोण यायचं?"

"तो दातांचा डॉक्टर, चित्र विकत मागायला. तुम्ही रविवारी. आणि गुरुवारी मिस्टर विनी, पत्ते खेळायला. गुरुवारी मला बाहेरच पाठवायचे. जा लायब्ररीत, जा अमुक दुकानातूनच हेरिंग मासे आण. परत यावं तर एवढ्या थंडीत सगळ्या खिडक्या सताड उघड्या! मी रागावले की दोघं शाळेतल्या पोरांसारखे माना खाली घालून बसायचे."

"सिगार ओढत असतील."

"मलाही तेच वाटलं." ऑलिव्ह क्षणभर हसली. मग काहीतरी आठवून थांबली. "तिसऱ्या दिवशी एक उंच म्हातारी बाई आली होती ना, हातमोजेवाली? लिंबाचा केक आणला होता."

फिलिसला आठवली. त्या बाईनं तिचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, "तुमच्या वडिलांनी मला फार छळलं हो," आणि तिचे डोळे हसत होते.

"ती बोळात चादरीसमोर किती तरी वेळ उभी होती," ऑलिव्ह म्हणाली. "मी विचारलं, काही हवंय का? तर माझ्या कानाशी वाकून म्हणाली, 'अजून टर्कीच आहे का तिथे?'"

३

केक संपला होता, पण ताटली होती. ताटलीच्या तळाशी पांढऱ्या चिकटपट्टीवर नाव आणि फोन नंबर होता, ज्यांना आपली ताटली परत हवी असते त्यांच्यासारखा: डब्ल्यू. केम्पर.

फिलिसनं फोन लावला. पलीकडचा आवाज म्हातारा होता, पण कडक. मिस विनिफ्रेड केम्पर तपासणी कचेरीत होत्या. लिओची पानं त्यांच्याच टेबलावर यायची.

"म्हणजे टर्की तुम्हीच..."

"टर्की माझी नव्हे. मी फक्त म्हटलं होतं, वस्तू बदला. टर्की त्यांच्या माणसाला सुचली."

"ताटात काय होतं, मिस केम्पर? माणसाचं मुंडकं?"

"तुम्हाला माहीत नाही?" बाई म्हणाल्या. "खरंच माहीत नाही? मग मी दुपारी येते. ताटलीही न्यायचीय."

फोन ठेवला तोच दाराची घंटा वाजली. दातांचा डॉक्टर मर्विन ओल्शान, हातात बाबकाचा, म्हणजे चॉकलेटच्या गोड पावाचा, डबा. सातही दिवस तो आला होता, सातही दिवस बाबका घेऊन. त्याच्या दवाखान्याच्या भिंतींवर रक्ताळलेल्या कुऱ्हाडी आणि उघडणाऱ्या शवपेट्यांची जुनी मुखपृष्ठं लावलेली होती, आणि त्याच्या पेशंटांना भूल फारशी लागत नसे. चित्र गेल्याचं कळल्यावर तो दारातच डबा घेऊन खाली बसला.

"गेलं? मूळ पुठ्ठा? टर्कीसकट?"

"तुम्ही शेवटचं कधी पाहिलं, डॉक्टर?"

त्याचे कान लाल झाले. "मला वाईट माणूस समजू नका."

"ते मी नंतर ठरवते."

"पाचव्या दिवशी. न्हाणीघरात जाताना. झाकलेलं चित्र म्हणजे... तुम्हाला कळणार नाही. मी चादरीचा वरचा कोपरा जरासा उचलला. एवढासा, बोटभर. तेवढ्यात तुमच्या आत्याबाई खोकल्या, म्हणून सोडला. पण होतं चित्र. वरची खिडकी दिसली, काळीकुट्ट रात्र. बघितलं आणि जिवाला बरं वाटलं."

आत्या दारामागेच होती, हे तिच्या उसाशावरून कळलं.

"झालं!" ती बाहेर आली. "म्हणजे पाचव्या दिवसापर्यंत होतं. पुढे दोन्ही दुपारी आपण दोघी तासभर पडलो होतो. जागं कोण होतं? मी नाव घेत नाही."

"फोनवर घेतलंत की," स्वयंपाकघरातून ऑलिव्ह म्हणाली. "स्पेलिंगसकट."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या अंगात कोट होता. "मिस फिलिस, फ्रीजमध्ये सूप आहे. दोन दिवस पुरेल. गरम करताना मीठ घालू नका, घातलेलं आहे." आवाज अगदी सरळ होता. कोटाची बटणं मात्र चुकून एक घर वर लागली होती.

तिनं दाराच्या मुठीवर हात ठेवला.

४

"थांब, ऑलिव्ह," फिलिस म्हणाली. "आत्या, मला एक सांग. हे चित्र तू का झाकलंस?"

"का म्हणजे? सुतक होतं. सात दिवस घरात चेहरा दिसता कामा नये."

"आरशात. हा आरसा आहे का?"

"मला शिकवतेस तू? आल्या आल्या दिवा लावून घेतला, चादरी घेऊन बोळात शिरले, तर समोर मीच! केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. तुझ्या बापानं काढलेल्या चेटकिणीच्या वरताण. म्हणून झाकलं."

"आई गेली तेव्हाही तूच आरसे झाकले होतेस. तेव्हा हे झाकलं नव्हतंस. लोक उभं राहून टर्कीला हसत होते."

"तेव्हा मी त्यात दिसले नव्हते..." आत्या बोलता बोलता थांबली.

"काचेमागे पांढरा कागद असेल तर काचेत कुणाचाच चेहरा दिसत नाही," फिलिस म्हणाली. "मागे काळं असेल तरच काचेचा आरसा होतो. तू चादर घातलीस तेव्हाच तिथे नुसता काळा पुठ्ठा होता. पहिल्याच दिवशी. आपण सगळे सात दिवस एका रिकाम्या फ्रेमसमोरून अदबीनं येत-जात होतो."

"पण मी रात्र पाहिली!" डॉक्टर म्हणाला.

"तुम्ही मासिकातली रात्र पाहिली, डॉक्टर. तो अंक तुम्ही हजारदा उघडला असेल. मूळ चित्रात खिडकी पांढरी आहे. बाबा रात्र काढतच नसत."

डॉक्टरनं डोळे मिटले. आठवून बघितलं. "'रात्र'," तो हळूच म्हणाला. "निळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं. अरे देवा. आणि मी जाणकार म्हणवतो."

आत्या सहज हार मानणारी नव्हती. "मग तिनं आधीच नेलं असेल! दोन वर्षं होती ती इथे."

फिलिसनं फ्रेम खिळ्यावरून काढली आणि पालथी केली. मागचा तपकिरी कागद चारही कडांनी कापला होता आणि पुन्हा जागच्या जागी चिकटवला होता. काप सरळसोट होता, पट्टी न लावता मारलेला. पट्टी लावली की सुरुवातीला पात्याची बारीक खाच राहते, तशी कुठेच नव्हती.

"चोर चित्र काढून घेतो आणि पळतो," ती म्हणाली. "फ्रेमचा कागद पुन्हा नीट चिकटवत बसत नाही. ज्याला चित्र परत आणून ठेवायचंय, तोच हे करतो. आणि दिवा दुरुस्त करू नकोस असं कोण म्हणालं होतं?"

"मिस्टर लिओ," ऑलिव्ह म्हणाली. तिचा हात अजून मुठीवर होता, पण मूठ फिरली नव्हती.

फिलिस वडिलांच्या कामाच्या खोलीत गेली. सात दिवस तिनं ते दार टाळलं होतं. कलत्या टेबलावर दौती, एक अर्धवट ससा, आणि कडेच्या खाचेत मधाच्या रंगाच्या चार-पाच चिकट गोळ्या. तिनं एक उचलून बोटांत चोळली. फिलिस लगेच लहान मुलगी झाली. लहानपणी याच टेबलाखाली बसून ती असल्या गोळ्या वळायची. चित्रं चिकटवायचं रबर सोल्यूशन सुकलं की बोटानं घासून निघतं, त्याच्या अशा गोळ्या होतात. वास डोक्यात जातो, खिडक्या उघड्याव्या लागतात. एवढ्या थंडीतसुद्धा.

पण वर्षभर वडिलांचे हात लटपटत होते. सशाचे कानसुद्धा थरथरलेले होते. असा सरळ काप त्यांच्या हातून झाला नसता. पट्टीशिवाय सरळ कापणारा एकच माणूस तिला माहीत होता. त्या मासिकाचं सगळं चिकटवणं-कापणं ज्यानं शेवटच्या अंकापर्यंत केलं, तो. लिओ गेला त्या दिवशी तो आला होता, मग गुडघा धरला म्हणून घरीच होता.

तिनं फोन फिरवला.

"विनीकाका, मी फिली. तुमच्याकडे एक टर्की आहे का?"

विनी लोपार्डोनं फोनवरच नाक शिंकरलं. "आहे, पोरी. पण अर्धीच निघालीय."

५

तो टॅक्सीनं आला, काठी एका हातात, काखेत मोठं सपाट पुडकं. त्याच्या मागोमाग मिस केम्पर आल्या, हातमोजे घालून. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्ही!" विनी म्हणाला. "एका झोंबीचा डोळा परत खोबणीत बसवायला लावला होतात मला. रविवारी!"

"तो गालावर लोंबत होता, मिस्टर लोपार्डो."

"झोंबीचा डोळा आणखी कुठे लोंबणार?"

"बसा दोघंही," आत्या म्हणाली. "भांडायचं तर खाऊन भांडा." तिनं बाबका कापायला घेतला, कारण आज कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायला तिला नको होतं.

विनीनं टेबलावर पुडकं ठेवलं, पण सोडलं नाही. "बेत लिओचा होता. पुढच्या महिन्यात तुझा वाढदिवस ना? म्हणाला, विनी, टर्की काढायची वेळ झाली. फिलीला उघडं चित्र द्यायचं. इथेच सुरुवात केली, पण चाळीस वर्षांचं रबर, खाली डाग पडलेत, हळूहळू मऊ करावं लागतं. मग तो म्हणाला, घरी घेऊन जा. आम्ही फ्रेम परत टांगली. तू रविवारी यायचीस, भिंत रिकामी दिसली असती." त्यानं काठीवर हनुवटी टेकली. "मग तो गेलाच. मी इथे आलो तर फ्रेमवर चादर. मला वाटलं, तुला कळलंय सगळं, म्हणून झाकलंस. सुतकात चित्राची गोष्ट कशी काढू? कुणी चोरी म्हणेल, हे ध्यानीमनी नाही."

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या बाबकाकडे पाहत राहिली.

"अर्धी का ठेवलीत?" फिलिसनं विचारलं.

"अर्धी निघाल्यावर मला दिसलं, खाली काय आहे ते. म्हणजे आठवलं. पुढची माझ्या हातानं निघेना. उरलेली तू काढ."

त्यानं पुडकं सोडलं. पांढरा पुठ्ठा, काळ्या रेघा, किंचाळणारा माणूस, हसणारी बायको, निळ्या पेन्सिलीतली 'रात्र'. टर्कीचा डावा भाग सुटून वर वळला होता, आणि त्याच्याखाली एक वेणी दिसत होती. वेणीला पट्ट्यापट्ट्यांची रिबीन होती.

डॉक्टर ओल्शान श्वास घ्यायचा विसरला. "मुंडकं आहे," तो पुटपुटला. "मी नेहमीच म्हणायचो, मुंडकं आहे."

फिलिसनं नखानं कड धरली. घाई केली नाही. कागद हलक्या आवाजात सुटत गेला, मागे मधाच्या रंगाचे धागे ओढत. दुसरी वेणी आली. मग एक डोळा आला, नाकाकडे वळलेला. दुसराही नाकाकडेच वळलेला. मग फेंदारलेल्या नाकपुड्या, पडलेल्या दुधाच्या दाताची खिडकी, आणि तिच्यातून हनुवटीपर्यंत लोंबणारी जीभ.

ताटात कोथिंबिरीच्या काड्या आणि बटाट्यांच्या मधोमध एक सहा वर्षांची पोरगी जगातलं सगळ्यात घाणेरडं तोंड करून बसली होती.

"अगंबाई," आत्या म्हणाली. "ही तर तू!"

लिओ झकरनं सगळ्यांना काढलं होतं. खाटकाला खुनी केलं होतं, घरमालकाला पिशाच्च, बायकोला रक्तपिपासू राणी, आणि बहिणीला तर इतक्यांदा चेटकीण केलं होतं की आत्या तिच्या नाकाच्या हक्काचे पैसे मागायची. फक्त फिलिसला कधी काढलं नव्हतं. ती मोठी झाल्यावरही मधूनमधून विचारायची, "बाबा, मला का नाही काढलंत कधी?" आणि तो सशांवरून मान न उचलता म्हणायचा, "काढलंय की. तू बघत नाहीस, त्याला मी काय करू?" तिला वाटायचं, थट्टा करतायत.

आता तिला ते टेबल आठवलं. जेवणाच्या टेबलाच्या दोन फळ्या ओढून मधे फट केलेली, ती खाली उकिडवी, फटीतून डोकं वर, डोक्यावर आईचं भाजायच्या भांड्याचं झाकण. आणि वडिलांचा आवाज: आणखी घाणेरडं, फिली, आणखी, हे तर आत्याच्या लग्नातलं तोंड झालं!

"माझ्या टेबलावर आलं ते," मिस केम्पर म्हणाल्या. त्यांनी हातमोजे काढले होते. "दिवसभर मी कापलेले हात आणि फुटलेली डोकी बघायची. ही पोरगी बघितली आणि हसू लागले. अख्खी कचेरी वळून बघायला लागली. हसण्याविरुद्ध नियमात काही नव्हतं. पण ताटात मूल नाही चालणार म्हणजे नाही चालणार. मी तुमच्या वडिलांना फोन केला, कोण ही? तर म्हणाले, माझी मुलगी, पण तुम्हाला हवी तर न्या, फार खाते."

"ते मलाही म्हणायचे," फिलिस म्हणाली.

"तिथे पांढरा रंग फासायची पद्धत होती. नाहीतर पात्यानं खरवडायचं. मी चिठ्ठीत पुढे एक ओळ लिहिली, खरवडू नका, वरून चिकटवा. नोकरीत मी केलेली तेवढीच बेशिस्त."

"आणि टर्की मी काढली," विनी म्हणाला. "अर्ध्या तासात, जेवायच्या सुट्टीत. त्या मुखपृष्ठावरचं एकमेव शास्त्रशुद्ध चित्र!"

फिलिस हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले, आणि मग सात दिवसांचं सगळं एकदमच आलं. हसू आणि रडू यात कुठलं कुठलं ते कुणालाच ओळखता येईना. कोट घातलेल्या ऑलिव्हनं तिला धरलं आणि पाठीवर थापटत राहिली, आजारी माणसाला थापटतात तसं.

चाळीस वर्षांनी त्या किंचाळणाऱ्या माणसाच्या भीतीला कारण मिळालं होतं.

६

आत्यानं फोन केला. दार उघडं ठेवून केला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "हो, ब्लूमा बोलतेय. चोरी झालीच नव्हती. नाही, तिची नाही, चूक माझी. लिहून घ्या, माझी. बी फॉर ब्लूमा." पलीकडचं ऐकून तिनं फोन हातानं झाकला. "सोमवारचा पेशंट तुझाच आहे. विचारतायत, आणखी काही सांगायचंय का तिच्याबद्दल?"

"सांगा की," ऑलिव्ह म्हणाली. "नाव घेऊन सांगा."

आत्यानं सांगितलं. बराच वेळ सांगितलं. सूपसुद्धा सांगितलं. मग येऊन तिनं ऑलिव्हच्या कोटाची चुकलेली बटणं सोडून नीट लावून दिली, आणि त्याबद्दल दोघी काही बोलल्या नाहीत.

डॉक्टर ओल्शान तोवर टर्की तळहातावर घेऊन बसला होता. चित्र विकत मागायची हिंमत आता त्याला नव्हती. "निदान ही?" त्यानं विचारलं. विनीनं ती त्याच्या हातून अलगद काढून घेतली. "चित्रकार हयात आहे," तो म्हणाला. "तिची फ्रेम वेगळी होणार."

सुतक संपलं की घरच्यांनी बाहेर पडून एक फेरी मारायची, कोपऱ्यापर्यंत जाऊन चौक फिरून परत यायचं, की माणूस पुन्हा जगात आला. सकाळपासून ती फेरी राहिली होती. आता सगळेच निघाले, घरचे आणि बाहेरचे. मिस केम्परनी विनीला हात दिला. "गुडघ्यासाठी," त्या म्हणाल्या. "माझं मत बदललेलं नाही. डोळा लोंबत होता."

चित्र काचेमागे गेलं होतं, बोळात, नव्या दिव्याखाली. फिलिस शेवटी एकटी मागे राहिली, स्कार्फ शोधायला. बोळाच्या टोकाच्या न्हाणीघरातला आरसा उघडा होता. तिनं मागे वळून बघितलं, कुणी नव्हतं. मग तिनं दोन्ही डोळे नाकाकडे वळवले, नाकपुड्या फेंदारल्या आणि जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढली.

"मिस फिलिस," दारातून ऑलिव्ह म्हणाली, "चित्रातलं जास्त घाणेरडं होतं. चला."